पंपाले किती टाकाचं?

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या वावरात पऱ्हाटी (कपाशी) कमरेला लागली होती. धुऱ्यावरच्या बाभळीखाली शेजारचे काका फवारणीचा पंप भरायला बसले होते. मी बाबांचा डबा घेऊन चालले होते, तर त्यांनी हाक मारली.

"बाई, हे पाय बरं. दहा लिटरले वीस एमएल लिवून हाये. आपला पंप पंधराचा. पंपाले किती टाकाचं?"

"तीस," मी म्हणाले आणि मापानं तीस मोजून दिले. एरवी ते झाकणानं मोजतात. एका पंपाला दोन झाकणं, अळी जास्त दिसली तर तीन.

"आज तू होती म्हून सांगतलं. तू नसशील तवा?"

याच प्रश्नासाठी तर मी त्याच्या अकरा महिने आधी इंटरनेटवर एक पान तयार केलं होतं. पंप किती लिटरचा ते निवडायचं, लेबलवरचा आकडा टाकायचा, की उत्तर समोर. मी उत्साहानं म्हणाले, "गूगलले विचारा ना काका, माझंच पान येईन." काकांनी माइकचं चिन्ह दाबलं आणि मला विचारलं तसंच फोनलाही विचारलं. आधी एक जाहिरात आली, मग पंप विकणारी दोन दुकानं, मग तीन-चार व्हिडिओ. अंगठ्यानं त्यांनी बरंच खाली नेलं. मग फोन खिशात ठेवला.

"नाही भेटून राह्यलं, बाई."

ज्या माणसासाठी पान केलं तो माझ्यापासून दोन हातांवर बसून ते शोधत होता, आणि त्याला ते सापडत नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

हे पान का केलं ते सांगायला हवं. २०१७ च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. गुलाबी बोंडअळीचं ते वर्ष. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यात शिरून फवारायचं म्हणजे उडालेलं सगळं तोंडावर. एकात एक मिसळलेली औषधं, अंगावर साधा सदरा, तोंडाला फडकं, तेही असलं तर. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. रोज संध्याकाळी आईला फोन करून एकच विचारायची, बाबांनी आज पंप पाठीवर घेतला का? २०२० मध्ये गावी परतले आणि इथूनच लोकांची कामं करू लागले. तेव्हापासून मनात होतं की मी डॉक्टर नाही, शेतीतली पदवीधर नाही, पण मला प्रोग्रॅम लिहिता येतो. निदान त्या मापातली चूक तरी मी कमी करू शकते. पान कुठलं औषध फवारा हे सांगत नाही. तुमच्या हातातल्या बाटलीवर जे छापलंय, त्याचा तुमच्या पंपापुरता गुणाकार करून देतं, एवढंच. पॉवर स्प्रेचं गणित वेगळं असतं, म्हणून तो मी त्यात घेतलाही नाही.

पैसा शून्य होता. पान ठेवायला फुकटची जागा मिळते. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र, ते काही ब्राउझरांत पत्त्याआधी कुलूप दाखवणारं, तेही फुकट मिळतं. खर्च काय तो माझ्या फोनच्या रिचार्जचा. मला वाटलं, चांगली वस्तू केली की काम झालं. लोक येतील.

काकांच्या त्या दुपारनंतर आठवडाभरात एका एजन्सीचा फोन आला. असे फोन संकेतस्थळ असलेल्या प्रत्येकाला येतात. "गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, गॅरंटी." महिन्याला जेवढे मागितले त्यात एका एकराची सोयाबीनची बॅग आणि खत दोन्ही आलं असतं. मी नाही म्हणाले ते पैसे नव्हते म्हणून. पुढं गूगलनं संकेतस्थळवाल्यांसाठी लिहिलेली कागदपत्रं वाचायला घेतली, तर तिथं स्पष्ट लिहिलं होतं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. ती सगळी कागदपत्रं फुकट आहेत. गावात राहून एकट्यानं काम करणाऱ्या कुणालाही मी सांगेन की पहिले पंधरा दिवस तेवढंच वाचा.

वाचताना आधी उमगलं ते हे, की 'सापडणं' ही एक गोष्ट नसून तीन आहेत. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्याचा प्रोग्रॅम, तुमच्या पानापर्यंत पोचायला हवा. पोचल्यावर त्यानं ते आपल्या नोंदवहीत चढवायला हवं. आणि कुणी विचारल्यावर त्या वहीतून तुमचं पान वर काढावंसं त्याला वाटायला हवं. यातलं कुठं अडलंय हे न बघता आपण धडपडत राहतो. मी शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत 'साइट', मग विसर्गासारखे दोन टिंब आणि पुढं माझा पत्ता असं टाकून पाहिलं. नोंदवहीत माझं एकच पान निघालं, पहिलं.

बाकीची का नव्हती? बॉट चालतो तो लिंकांवरून. वावर कितीही चांगलं असो, पांदण नसेल तर बंडी आत जात नाही. सातबारा तुमच्या नावाचा असला तरी माल डोक्यावरूनच आणावा लागतो. माझ्या पानावर पंधरा लिटर, सोळा लिटर, वीस लिटर अशी बटणं होती. दाबलं की जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमची भाषा, समोरचा भाग बदलायची. माणसाला ती तीन पानं वाटत, बॉटला ते एकच. तो बटणं दाबत बसत नाही, त्याला खरा पत्ता असलेली साधी लिंक लागते. पत्त्यात हॅशच्या चिन्हापुढं जे लिहितो त्याला तो वेगळं पान धरत नाही. शिवाय माझं मूळ एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ मजकूर, जवळजवळ रिकामं होतं, सगळं चित्र ब्राउझरमध्ये रंगायचं. गूगल जावास्क्रिप्ट चालवून बघतो हे खरं, पण तो त्याचा वेगळा टप्पा आहे आणि त्याला वेळ लागू शकतो. एका गुणाकारासाठी मी एवढा सांगाडा कशाला उभा केला होता? पुण्याच्या नोकरीत तशी सवय लागली होती. तो पाडला. प्रत्येक पंपाचं वेगळं, साधं पान केलं, ज्यात उत्तराचा तक्ता आधीच छापलेला, आणि एका पानावरून दुसऱ्यावर जायला साधी लिंक. बाभळीखाली जो प्रश्न आला त्याचं उत्तर आता काही न दाबता दिसतं: १० लिटरला २० एमएल असेल तर १५ च्या पंपाला ३०, १६ च्या पंपाला ३२, २० च्या पंपाला ४०.

आणखी एक चूक सांगते, कारण ती बऱ्याच जणांकडून होते. माझी चाचणीची प्रत गूगलमध्ये दिसत होती, चुकीच्या आकड्यांसकट. ती काढायला मी रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलीत बॉटला मनाई केली आणि पानावर 'नोइंडेक्स'ही लिहिलं. पान हललं नाही. रोबोट्सची मनाई बॉटला आत येऊ देत नाही, आणि नोंदवहीतून नाव काढा ही विनंती तर आत लिहिलेली. आत आल्याशिवाय तो ती वाचणार कशी? मनाई उठवली, बॉट आला, वाचून गेला, मग पान गेलं. औषधाच्या मापाचा चुकीचा आकडा जगाला दिसतोय, या विचारानं ते दिवस मी फार अस्वस्थ होते.

साइटमॅपची, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांच्या यादीची, फाइल केली आणि सर्च कन्सोलमध्ये दिली. आपलं पान गूगलमध्ये कुठल्या प्रश्नांना दिसलं ते दाखवणारं हे गूगलचंच साधन. सर्च कन्सोल फुकट आहे. एका फाइलीत ५०,००० पत्ते मावतात. माझे नऊ होते. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त शिकले ते शब्दांपाशी.

माझ्या पानाचं शीर्षक होतं 'कीटकनाशक मात्रा गणकयंत्र'. बरोबर मराठी. आमच्या गावात मात्र हे तीनपैकी एकही शब्द कुणाच्या तोंडी नाही. मी राळेगावच्या एका कृषी सेवा केंद्रात तीन बाजारांच्या दिवशी जाऊन बसले, वही घेऊन. दुकानदार ओळखीचे, त्यांनी स्टूल दिला. लोक काय विचारतात ते जसंच्या तसं लिहीत गेले. "पंपाले किती टाकाचं?" "एकरी किती पंप लागन?" "हे अन् थे एकात चालते का?" "अळीचं औषध द्या." "पावसानं धुवून जाईन का?" कुणी कपाशी म्हणालं, कुणी पऱ्हाटी, कापूस मात्र फक्त वेचल्यावरचा. वहीची चौदा पानं भरली. या कामाला इंग्रजीत फार मोठं नाव आहे आणि त्यासाठी महिन्याला पैसे घेणारी साधनं आहेत. पण मराठी गावबोलीतले प्रश्न त्यांच्याकडे कुठून येणार? ते दुकानाच्या काउंटरपुढं उभे असतात. नंतर गूगलच्या पट्टीत अर्धं वाक्य टाकून तो पुढं काय सुचवतो ते पाहिलं. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून कुठला शब्द कुठल्या महिन्यात चढतो तेही पाहिलं.

एक शब्द मात्र नुसता उचलता येईना. औषध.

सगळे त्याला औषधच म्हणतात. मी ते शीर्षकात घेणार हे कळल्यावर आमच्या भागातल्या एका कृषी सहायकांनी हरकत घेतली. "ताई, ते विष आहे. औषध म्हणतो म्हणून तर लोक उघड्या हातानं ढवळतात. तुम्ही शिकलेल्या माणसांनी तरी तो शब्द वापरू नये." ते खरं बोलत होते. मी दोन दिवस शीर्षकात 'विष' लिहून पाहिलं, 'कीडनाशक' लिहून पाहिलं. पण जो माणूस 'औषध' असं विचारतो त्याच्यापर्यंत 'विष' हा शब्द घेऊन मी पोचणारच नसेन, तर त्याला ते विष आहे हे सांगणार कधी? म्हणून शीर्षकात त्याचा शब्द ठेवला: '१५ लिटर पंपाला किती औषध टाकावे?' आणि पान उघडल्यावर पहिली ओळ माझी: हे औषध विष आहे. त्याखाली बाटलीवरच्या त्रिकोणाचा अर्थ. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आणि हिरवा असला तरी उघड्या हातानं नाही. कृषी सहायकांना दाखवलं. ते बराच वेळ फोनकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मग त्या त्रिकोणाचा फोटो अजून मोठा करा."

शीर्षकाच्या ओळीखेरीज, निकालात खाली दोन ओळी दिसतात तो गोषवारा मी हातानं लिहिते. क्रमांक ठरवताना गूगल तो धरत नाही, कधी बदलूनही टाकतो. पण उघडावं की नाही हे वाचणारा त्यावरूनच ठरवतो. पानाच्या पोटात लपवून शब्दांची रांग लिहायची, ती कीवर्डची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. आपण ती बघतच नाही, असं गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक खोच असते, जी इंग्रजी लेखांत सापडत नाही. 'ॲप' हा शब्द एका एकसंध अक्षरानं लिहिता येतो, किंवा 'अ' वर वेगळा चंद्र ठेवून. डोळ्याला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या दृष्टीनं ते दोन वेगळे मजकूर. 'पऱ्हाटी'तल्या त्या अर्ध्या ऱ चंही तसंच, तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. माझ्याच पानावर शोधताना मला माझाच शब्द सापडेना, तेव्हा हे ध्यानात आलं. आता सगळीकडे एकच रूप ठेवते. आणि जुन्या फॉन्टचं दुखणं तर फार मोठं आहे. दुकानदारांनी मला एक सुंदर माहितीपत्रक दिलं, फवारणीची काळजी कशी घ्यावी याचं, डीटीपीवाल्यानं केलेलं. मजकूर उचलून चिकटवला, तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा. ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, नव्हतंच. रोमन अक्षरांवर देवनागरीची चित्रं चढवलेली. डोळ्यांना मराठी, शोधयंत्राला निरर्थक. विदर्भातल्या किती छापखान्यांत आणि कार्यालयांत असं लिहून ठेवलेलं ज्ञान पडून असेल, आणि जे स्कॅन करून चित्र म्हणून चढवलंय ते वेगळंच. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक होते. त्यांनी विचारलेल्या साध्या प्रश्नांना जी मोजकी पानं पुढं येतात ती बघून मला वाईट वाटतं. ते पत्रक मी चार रात्री बसून पुन्हा टाइप केलं. आज माझ्या संकेतस्थळावर त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवावा असं मनापासून वाटत होतं. पण तो व्हॉट्सॲपवर चिकटवला की बहुतेक वेळा त्याचा टक्क्यांच्या खुणांनी भरलेला लांब पट्टा होतो. प्रत्येक अक्षर-खुणेमागं नऊ चिन्हं. नुसत्या 'फवारणी'ची ५४. असला पत्ता बघून आमच्याकडचे लोक फसवणुकीची लिंक समजून दाबत नाहीत. म्हणून पत्ता रोमनमध्ये, मजकूर मराठीत.

वेग. वावरात नेटवर्क एखादी कांडी असतं. मी हौसेनं एक देखणा देवनागरी फॉन्ट लावला होता, तो पानाच्या बाकी सगळ्या वजनापेक्षा जड होता. काढला. फोनमध्ये जे अक्षर आहे तेच दिसू द्या. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे. माझी कसोटी काकांचा फोन आणि तीच बाभूळ. शिवाय गूगल आता पानाची मोबाइलवरची बाजूच नोंदवतो, हा बदल ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा झाला. लॅपटॉपवर कसं दिसतं याची चिंता मी सोडून दिली.

राहिली दुसऱ्यांनी दिलेल्या लिंकांची गोष्ट. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल उभं केलं ते याच विचारावर: ज्या पानाकडे चार भरवशाची पानं बोट दाखवतात ते भरवशाचं. गावात नवा माणूस चांगला मिस्त्री कोण ते असंच शोधतो. त्या एजन्सीनं मला पाचशे लिंका विकायची तयारी दाखवली होती. विकत घेतलेली साक्ष ओळखायला गूगल २०१२ पासून, शोधाच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलापासून, कसून बसलाय, आणि पकडली तर पान खाली जाऊ शकतं. पण पकडली नसती तरी मी घेतली नसती. माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या पानाला खोटी साक्ष नको. माझ्याकडे आज सहा लिंका आहेत. एका शेतकरी उत्पादक कंपनीनं दिली, एका कृषी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या यादीत टाकली, बाकीच्याही अशाच कुणीतरी वापरून बघून दिलेल्या. प्रत्येकासाठी मी एक पत्र लिहिलं होतं. काहींनी उत्तर दिलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपांत पान बरंच फिरतं, पण ते बंद दाराआडचं, गूगलला दिसत नाही. तिथून आलेली माणसं मात्र पुढच्या वेळी नावानं शोधत येतात.

सर्च कन्सोल सोळा महिन्यांचा हिशोब ठेवतो. आमच्यासारख्यांना हे बरं पडतं, कारण आमच्या प्रश्नांना हंगाम असतो. उन्हाळ्यात माझ्या आलेखाची रेघ जमिनीला टेकलेली असते, पहिल्या वर्षी मी घाबरले होते. मृग लागला, पेरण्या झाल्या, की ती हलू लागते, आणि श्रावण-भाद्रपदात चढते. गेल्या खरिपाशी यंदाचा खरीप ताडून बघता येतो. यंदा 'बॅटरी पंप २० लिटर' खूप जणांनी विचारलं, तसं ते पान मी वर आणलं. काकांच्या प्रश्नालाही आता माझं पान पहिल्या पाचांत दिसतं. त्यांनी एकदा तो प्रश्न बोलून बघितला आणि फोन माझ्यापुढं धरला, बोलले काही नाहीत.

मागच्या सप्टेंबरमध्ये सर्च कन्सोलमधल्या प्रश्नांच्या यादीत खाली एक ओळ दिसली. 'औषध डोळ्यात गेल्यास काय करावे'. माझं पान तिथं चौथ्या पानावर कुठंतरी दाखवलं गेलं होतं, क्लिक शून्य. क्लिक कशाला होईल? माझ्याकडे त्याचं उत्तरच नव्हतं. फार थोड्यांनी विचारलेले प्रश्न सर्च कन्सोल खाजगीपणासाठी यादीत दाखवतच नाही. म्हणजे ही ओळ कुणा एकट्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना जाऊन भेटले. ओपीडी संपेपर्यंत बाहेर बसले. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं, दोन वाक्यं त्यांनी बदलली. पान एवढंसं आहे. स्वच्छ पाण्यानं डोळा लगेच धुवा, पंधरा मिनिटं धुवत राहा. भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा. बाटली किंवा तिच्यासोबतची चिठ्ठी सोबत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. त्यात गणित नाही, फोटो नाही, फॉन्ट नाही. सगळ्यात वर, बोट ठेवलं की थेट लागेल असा १०८ क्रमांक आहे, आणि शीर्षक आहे तेच, त्या माणसांनी ज्या शब्दांत विचारलं ते.